लिनक्स टाकताना घाम गाळायलाच हवा का?

पेठेतला_पेंग्विन
३ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

मंडळी, १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ओळखीपाळखीतल्या बऱ्याच लोकांना एकदम माझी आठवण आली. मशीन धडधाकट आहेत, पण टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, प्रोसेसर जुना, त्यामुळे विंडोज ११ घेत नाहीत. मग 'तुझं ते लिनक्स टाकून दे ना'. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, देतोय टाकून. पण त्यावरून आमच्या कट्ट्यावर जुनंच भांडण नव्याने पेटलं, म्हणून धागा काढतोय.

एका गटाचं म्हणणं: इन्स्टॉलेशन थोडं अवघडच हवं. ज्याला स्वतःच्या डिस्कवर पार्टिशन, म्हणजे वेगळे भाग, पाडता येत नाही, तो उद्या अपडेटनंतर काळा स्क्रीन आला की आपल्यालाच फोन करणार. दुसरा गट म्हणतो, चार वेळा 'पुढे' दाबून काम झालं पाहिजे, बाकी सगळा लिनक्सवाल्यांचा माज.

थोडा इतिहास. लिनक्सचे बरेच अवतार आहेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात; स्लॅकवेअर, उबुंटू, आर्च, डेबियन, फेडोरा, मिंट, पॉप ओएस, जेंटू ही सगळी त्यातलीच. १९९३ च्या स्लॅकवेअरच्या काळात फ्लॉप्यांची चळत घेऊन बसायचं, एफडिस्क या पार्टिशन पाडायच्या प्रोग्रॅममध्ये डिस्कचे सिलिंडर मोजायचे आणि शेवटी लिलो हा बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) नीट बसला नाही तर दोन्ही सिस्टीम गेल्या. १९९९ मध्ये कॅल्डेरा या कंपनीने ओपनलिनक्स २.२ काढलं. त्याचा चित्रमय इन्स्टॉलर हार्डवेअर बऱ्यापैकी स्वतःच ओळखायचा आणि फाइली कॉपी होईपर्यंत टेट्रिस खेळायला द्यायचा! ती कल्पना मला अजून आवडते. २००६ च्या जूनमध्ये उबुंटू ६.०६ आलं. त्यात सीडीवरूनच डेस्कटॉप चालू करून बघायचा आणि पटलं तर तिथूनच इन्स्टॉल करायचं. माझ्या मते खरा फरक तिथे पडला. आर्च उलट्या दिशेने गेलं. २०१२ मध्ये त्यांनी आपला मेनूवाला इन्स्टॉलर काढून टाकला आणि कमांडा हातात दिल्या. एप्रिल २०२१ मध्ये आर्चइन्स्टॉल हा सोपा इन्स्टॉलर आयएसओत, म्हणजे डाउनलोड करायच्या फाइलीत, आला तेव्हा 'आता कोणीही आर्च टाकेल' म्हणून गळे काढणारे लोक मी पाहिले आहेत.

माझं मत सांगून टाकतो. भाषा, टाइमझोन, वायफाय, युजरचं नाव, ड्रायव्हर हे सगळं सोपं हवं, त्यात शिकण्यासारखं काही नाही. पण एक स्क्रीन मुद्दाम अवघड हवा, तो म्हणजे डिस्कचा. परत फिरता येत नाही अशी ती एकच जागा आहे. आज बहुतेक इन्स्टॉलरांत गंमत उलटी आहे: जिथे थांबवायला हवं तिथे 'डिस्क पुसून टाका' एका क्लिकवर मिळतं, आणि जिथे काहीच बिघडणार नसतं तिथे प्रश्नांवर प्रश्न.

तुमचं काय मत?

चहाटळ
३ नोव्हेंबर, रात्री ९.५२

रुमाल टाकून ठेवतो. आर्चवाले अजून पोचले नाहीत तोवर जागा चांगली मिळेल.

आर्चिक
३ नोव्हेंबर, रात्री १०.१५

पोचलो. 😀

माज वगैरे काही नाही हो पेंग्विनराव. आर्च हाताने टाकताना करता काय? पार्टिशन पाडता, फाइलसिस्टम घालता, माउंट करता (म्हणजे सिस्टीमला जोडता), पॅकस्ट्रॅपने मूळ सिस्टीम उतरवता, जेनएफएसटॅबने बूटच्या वेळी काय कुठे माउंट व्हायचं ते लिहून ठेवता, आर्च-क्रूटने त्या नव्या सिस्टीमच्या आत शिरता, बूटलोडर बसवता. झालं. वाचत वाचत केलं तरी एका संध्याकाळचं काम.

हे कशाला, ते सांगतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला आणि त्या वेळी बूटचं पार्टिशन माउंट झालेलंच नव्हतं, असं होतं. नवा कर्नल भलत्याच फोल्डरात जाऊन बसतो, मशीन जुन्याच कर्नलवर उठतं, त्याचे मॉड्यूल (हार्डवेअर चालवणारे तुकडे) तर पुसले गेलेत. मग वायफाय नाही, यूएसबीचा माउस नाही, आणि स्क्रीनवर कारण कुठेच लिहिलेलं नाही. ज्याने हाताने इन्स्टॉल केलंय तो पेनड्राइव्हवरून बूट करतो, तीच दोन पार्टिशनं माउंट करतो, क्रूट करून कर्नल पुन्हा टाकतो. थोडक्यात दुरुस्ती म्हणजे इन्स्टॉलेशनच, अर्ध्यातून सुरू केलेलं. 'पुढे-पुढे' दाबणारा काय करतो? फॉरमॅट मारतो.

सायली_म
३ नोव्हेंबर, रात्री १०.४८

आर्चिक, उदाहरण पटलं, निष्कर्ष नाही.

मी कॉलेजची लॅब सांभाळते. लॅबमधल्या मशीनवर कोणी हाताने लिनक्स टाकत नाही. रेड हॅटच्या घराण्यात किकस्टार्ट, डेबियनमध्ये प्रीसीड. सगळी उत्तरं आधी एका फाइलीत लिहायची, मशीन नेटवर्कवरून बूट करायची आणि चहा प्यायला जायचं. क्लाउडवर तर तेवढंही नाही, तयार इमेज उचलायची. म्हणजे जे लोक पगार घेऊन लिनक्स चालवतात त्यांनी इन्स्टॉलेशन इतकं सोपं करून ठेवलंय की तिथे माणूसच लागत नाही. आणि आपण मात्र घरच्या माणसाला सांगायचं की बाबा रे, घाम गाळ, त्याशिवाय शिकणार नाहीस?

मुलांना क्रूट शिकवायचंय ना? मग व्हर्च्युअल मशीन द्या. मोडू दे, जोडू दे. बापाच्या एकुलत्या एका लॅपटॉपवर कशाला?

निवृत्त_नाना
४ नोव्हेंबर, सकाळी ६.२०

सुप्रभात मंडळी. सायलीताईंना अनुमोदन, आणि आमच्या काळातली थोडी भर.

पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी यायच्या, त्यावर आमची पिढी शिकली. घरी डायल-अप, तोही मिनिटावर. सीडी आली नसती तर लिनक्स डाउनलोड करणं परवडलंच नसतं. इन्स्टॉल व्हायचं, लॉगिन यायचं, आणि मग खरी गंमत. चित्र दिसायला एक्स नावाचा प्रोग्रॅम चालू व्हायला हवा. त्याला मॉनिटरचा आडवा आणि उभा सिंक रेट लागायचा. तो मॉनिटरबरोबर आलेल्या पुस्तिकेत असायचा, आणि ती पुस्तिका दुकानदाराने दिलेलीच नसायची. अंदाजाने टाकावा तर फाइलीतच धमकी, चुकीचा आकडा दिलात तर मॉनिटरला इजा होऊ शकते. मॉनिटरची किंमत तेव्हा महिन्याच्या पगाराएवढी! त्यानंतर विनमोडेम. ते कार्ड म्हणजे अर्धा मोडेम, उरलेलं काम विंडोजचा ड्रायव्हर करायचा. लिनक्समध्ये बहुतेक वेळा नुसताच पत्रा.

त्या सगळ्यातून मी काय शिकलो? माझ्या जुन्या मॉनिटरचे सिंक रेट मला आजही पाठ आहेत. मॉनिटर भंगारात गेला त्याला वीस वर्षं झाली.

आर्चिक म्हणतात ती मेहनत वेगळी, तिचा उपयोग पुढे होतो. पण अवघड आहे म्हणजे त्यातून शिकायला मिळतंच, असं धरून चालू नका. आमच्या काळातली निम्मी मेहनत हार्डवेअर कंपन्यांनी माहिती दडवल्यामुळे होती.

खडकावरचा_फणस
४ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

नाना, दंडवत!

त्याचाच पुढचा अध्याय म्हणजे वायफायचं फर्मवेअर, म्हणजे ते कार्ड चालायला लागणारं त्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये मुक्त नसलेलं फर्मवेअर ठेवायचंच नाही हे त्यांचं तत्त्व. मग वायफाय चालायला फर्मवेअर हवं, ते उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट वायफायवर! गावाकडे ज्याच्या घरी केबलचं नेट नाही त्याने करायचं काय? ते बनवणाऱ्यांना सोपं करता येत नव्हतं असं अजिबात नाही. फर्मवेअरवाली वेगळी आयएसओ होती की, पण ती शोधायची कुठे हे माहीत असलं तर. शेवटी २०२२ मध्ये मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरसोबत येऊ लागलं. आकाश काही कोसळलं नाही.

आर्चिक
४ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

नानांचा मुद्दा मान्य. सिंक रेट पाठ करा असं मीही म्हणणार नाही.

पण सायली, एक गोष्ट तुमच्या हिशेबात येत नाही. आर्चचा विकी, म्हणजे वापरणाऱ्यांनीच लिहिलेली माहितीची पानं. उबुंटूवाले, फेडोरावाले, सगळे अडले की तिथेच येतात. तो इतका चांगला का आहे? इन्स्टॉलर नव्हता म्हणून. प्रत्येक माणसाला तीच पानं वाचून सिस्टीम उभी करावी लागत होती, त्यामुळे चुकीची ओळ महिनाभरसुद्धा टिकायची नाही, कोणीतरी आपटायचा आणि दुरुस्त करून जायचा. सगळ्यांनी 'पुढे' दाबलं असतं तर तो विकी लिहिला कोणी असता?

सायली_म
४ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

हा मात्र बिनतोड मुद्दा आहे. विकीवर मीही रोज असते.

तरी एक चिमटा: स्टीम डेक हे हातात धरून गेम खेळायचं यंत्र २०२२ पासून विकलं जातंय, त्याच्या आतलं स्टीमओएस आर्चवरच बेतलेलं आहे. ते वापरणाऱ्या पोरांनी काहीही इन्स्टॉल केलेलं नाही. पॅकमन (आर्चचं सॉफ्टवेअर टाकायचं साधन) म्हटलं तर त्यांना गेमच आठवेल.

तपकीर_गल्ली
४ नोव्हेंबर, दुपारी १.४५

दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून पिंक टाकतो.

तुम्ही सगळे एक धरून चाललाय की लोक विंडोज स्वतः टाकतात. कोण टाकतं हो? लॅपटॉप घेताना आत असतंच, आणि बिघडलं की माझ्याकडे येतात, 'फॉरमॅट मारून द्या, फोटो तेवढे ठेवा'. कोऱ्या एसएसडीवर विंडोज ११ टाकून बघा एकदा. कित्येकदा सेटअपला वायफाय कार्डच सापडत नाही, आणि नेट व मायक्रोसॉफ्टचं खातं असल्याशिवाय ते सरळपणे पुढे जाऊ देत नाही. गिऱ्हाईकाला त्याच्या खात्याचा पासवर्ड आठवत नसतो. तासभर त्यातच जातो. मिंट त्याच्या अर्ध्या वेळात बसतं, हे मी धंदा करणारा माणूस सांगतोय.

लिनक्सवाल्यांचं कसं आहे, नवी सून उंबरठा ओलांडून आत आली की लगेच तिच्याकडून पुरणपोळी मागायची. विंडोजकडून कोणी चहासुद्धा मागत नाही.

आणि हो, 'डॉस' किंवा उबुंटू घालून स्वस्तात विकलेले लॅपटॉप येतात ना, त्यातले बहुतेक माझ्याकडे विंडोज टाकायलाच येतात. तिथे तर लिनक्स आयतं होतं, इन्स्टॉल करायचा प्रश्नच नव्हता. मग अडलं कुठे? घरी दाखवून द्यायला कोणी नव्हतं.

खडकावरचा_फणस
४ नोव्हेंबर, दुपारी २.३०

तपकीरशेठ, शेवटचं वाक्य लाखाचं.

केरळात बघा. तिथल्या सरकारी शाळांत आयटी विषय पहिल्यापासून शेवटपर्यंत मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो. 'काइट' ही सरकारी संस्था, जिचं आधीचं नाव आयटी@स्कूल, उबुंटूवर बेतलेली स्वतःची सिस्टीम शाळांना देते, दहावीची आयटीची परीक्षासुद्धा त्यावरच होते. सोपं की अवघड हा प्रश्न त्या पोरांना पडतच नाही, त्यांना कॉम्प्युटर म्हणजे तोच. सोबत पाठ्यपुस्तक आणि प्रशिक्षण घेतलेले शिक्षक आहेत. आपल्याकडे एमएससीआयटी करून लाखो लोक बाहेर पडले, त्यांना विंडोजचा स्टार्ट मेनू तेवढा कळला.

मीनल_इचलकरंजी
४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.०५

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. चर्चा छान चाललीये, पण माझी गाडी आत्ता अडलीये म्हणून विचारते. लॅपटॉपमध्ये विंडोज ११ आहे, ते ठेवून बाजूला लिनक्स हवंय. पेनड्राइव्हवरून बूट झालं, डेस्कटॉपही दिसला. पण इन्स्टॉल करायला घेतलं की लॅपटॉपची डिस्कच यादीत नाही. फक्त माझी बाहेरून लावलेली हार्ड डिस्क दिसते. त्यावर लग्नाचे फोटो आहेत. 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' यावर आपोआप खूण आहे. दाबू का?

पेठेतला_पेंग्विन
४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.०८

नाही!!! थांबा. आधी ती बाहेरची डिस्क काढा. काढली की सांगा.

निवृत्त_नाना
४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१५

अहो मीनलताई, काही दाबू नका. शांतपणे लॅपटॉप बंद करा.

मीनल_इचलकरंजी
४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.२०

काढली. बंदही केला.

पेठेतला_पेंग्विन
४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.५०

छान. बहुधा बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) स्टोरेज 'आरएसटी' किंवा 'रेड' मोडवर आहे, म्हणून लिनक्सला आतली एसएसडी दिसत नाही. तो 'एएचसीआय' करायचाय, पण नुसता बदललात तर विंडोज निळा स्क्रीन दाखवेल. म्हणून याच क्रमाने करा:

आधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू आहे का बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, ती कागदावर उतरवून घ्या. मोबाइलवर फोटो नको, कागदावरच. मग एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅबमध्ये सेफ बूटवर खूण करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा आणि मोड बदला. विंडोज सेफ मोडमध्ये उठेल, तिथे पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवा. आत गेलात की सेफ बूटची खूण काढा आणि पुन्हा रीस्टार्ट. नंतर फास्ट स्टार्टअप बंद करा आणि सी ड्राइव्ह विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करून जागा मोकळी सोडा. लिनक्स त्या मोकळ्या जागेत टाकायचं. फोटोंची डिस्क हे सगळं होईपर्यंत कपाटात.

बाकीच्यांसाठी: मी धाग्यात म्हणत होतो तो स्क्रीन हाच. इन्स्टॉलर सोपाच होता, मीनलताईंना एकही कमांड लिहावी लागली नाही, आणि लग्नाचे फोटो एका क्लिकवर होते. त्या जागी 'बाहेरून लावलेली डिस्क, इतक्या जीबी फाइली भरलेल्या, पुसायची असेल तर डिस्कचं नाव टाइप करा' एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

आर्चिक
४ नोव्हेंबर, रात्री ८.२५

नाव टाइप करायला लावणं मलाही चालेल. आमच्याकडे ते आपोआपच होतं, डिस्कचं नाव लिहिल्याशिवाय एफडिस्क उघडतच नाही.

तरी सांगतो, टाइप करायला लावलं म्हणून माणूस वाचतोच असं नाही. २०२१ मध्ये एक प्रसिद्ध यूट्यूबर पॉप ओएसवर स्टीम टाकायला गेला. सिस्टीमने सरळ बजावलं होतं की यात डेस्कटॉप उडेल, चालू ठेवायचं तर 'होय, मी सांगतो तसंच कर' हे पूर्ण वाक्य टाइप करा. पठ्ठ्याने केलं. उडाला डेस्कटॉप.

सायली_म
४ नोव्हेंबर, रात्री ८.४०

ते वाक्य चुकीच्या जागी होतं. तो डिस्क पुसत नव्हता, एक साधं गेमचं दुकान टाकत होता, आणि त्याने डेस्कटॉप उडतो ही पॅकेजमधली चूक होती. साध्या कामाला असली धमकी आली की माणूस ती वाचत नाही, पुढे ढकलतो. खरी धमकी वर्षातून एकदाच यायला हवी.

चहाटळ
४ नोव्हेंबर, रात्री ९.००

लिनस टोरवाल्ड्स स्वतः फेडोरा वापरतो, आणि टाकायला किचकट असलेली डिस्ट्रो आपल्याला नको असं त्याने मुलाखतीत सांगितलेलं आहे. कर्नल लिहिणाऱ्याला इन्स्टॉलेशनचा कंटाळा! हे लिहून मी पळतो.

आर्चिक
४ नोव्हेंबर, रात्री ९.०४

त्याला शिकायचं काय उरलंय? त्याने सोपंच वापरावं.

जेंटूचा_जुना_गडी
४ नोव्हेंबर, रात्री ११.३०

तुम्ही आर्चला अवघड म्हणता यातच सगळं आलं. आम्ही स्टेज वनपासून, म्हणजे अगदी पायापासून, सुरू करायचो, कंपायलरसुद्धा (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा) आधी स्वतःच कंपाइल करून घ्यायचा. लोडशेडिंगच्या दिवसांत रात्री ऑफिस पॅकेज कंपाइलला लावायचं आणि वीज जाऊ नये म्हणून देवाला हात जोडायचे. आता डिसेंबर २०२३ पासून जेंटूही तयार बायनरी पॅकेज देतं. घेतो मीही. गुडघे दुखतात आता.

खडकावरचा_फणस
५ नोव्हेंबर, सकाळी ८.५०

गुडघ्यांवरून धागा भरकटण्याआधी एक माहिती. डेबियनचा चित्रमय इन्स्टॉलर मराठीत चालतो, साध्या मजकुराच्या मोडमध्ये मात्र देवनागरी उमटत नाही. घरातल्या मोठ्यांना बसवून दाखवायचं असेल तर जरूर वापरा. फक्त कीबोर्ड इंग्लिशच ठेवा आणि इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड नंतर जोडा, म्हणजे पासवर्ड टाकताना गोंधळ होत नाही.

मीनल_इचलकरंजी
५ नोव्हेंबर, रात्री ९.१५

झालं!! पेंग्विनदादा, क्रमाने केलं तसंच झालं. मोड बदलल्यावर विंडोजने रिकव्हरी की मागितलीच, कागद होता म्हणून वाचले. वायफाय, ब्लूटूथ पहिल्या फटक्यात चालू.

आता एकच. विंडोजमध्ये गेले की घड्याळ साडेपाच तास मागे दाखवतं. लिनक्समध्ये बरोबर आहे. काही बिघडवलं का मी?

आर्चिक
५ नोव्हेंबर, रात्री ९.२२

काही बिघडलं नाही ताई. लिनक्स मदरबोर्डवरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, ठेवतं, विंडोज तीच वेळ भारतातली समजतं, म्हणून नेमके साडेपाच तास. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएलचा 'सेट-लोकल-आरटीसी' हा पर्याय १ करा. ते थोडी कुरकुर करेल, करू दे. नेमकी कमांड इंग्रजीत व्यनि (खासगी निरोप) करतो. आणि आर्चच्या विकीवर वेळेचं पान आहे, तेवढं एकदा वाचाच.